फुटबॉल लीगचा पहिला हंगाम, इंग्लंडमधील (१८८८–८९)

इंग्लंडमधील बारा व्यावसायिक फुटबॉल संघांनी सप्टेंबर १८८८ ते एप्रिल १८८९ ह्या काळात साखळी पद्धतीने खेळलेली स्पर्धा. राष्ट्रीय पातळीवरील व्यावसायिक फुटबॉलच्या साखळी स्पर्धेचा हा जगातील पहिला हंगाम होय. प्रत्येक संघाने उरलेल्या अकरा संघांशी दोनदा, एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिपक्षाच्या मैदानावर खेळावयाचे, अशी ह्या स्पर्धेची योजना होती. तदनुसार एकूण १३२ सामने झाले. प्रेस्टन नॉर्थ एंड ह्या संघाने बावीसपैकी एकही सामना न गमावता अजिंक्यपद मिळविले व त्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनचा चषकही जिंकला. त्यामुळे हा हंगाम बहुधा प्रेस्टनच्या पराक्रमाच्या अनुषंगानेच सांगितला जातो. तथापि त्याचे खरे महत्त्व निराळे आहे. खेळाडूंच्या साप्ताहिक वेतनाची तरतूद कशी करावयाची, ह्या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर शोधताना ही स्पर्धा जन्मास आली आणि आज जगभर रूढ असलेली साखळी पद्धती त्या उत्तरातूनच आकारास आली.

फुटबॉलचे लिखित नियम १८६३ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनने केले. ही संस्था प्रामुख्याने खाजगी निवासी शाळांतून व विद्यापीठांतून शिकलेल्या सुखवस्तू तरुणांची होती. १८७१ मध्ये तिने सुरू केलेल्या चषकस्पर्धेवर पहिली दहा-बारा वर्षे ह्याच वर्गाच्या संघांचे वर्चस्व होते. परंतु खेळाचा प्रसार मात्र उत्तरेकडील लँकाशरच्या कापडगिरण्यांच्या गावांत आणि मध्य इंग्लंडमधील लोखंडकाम, चिनी मातीची भांडी, लेस इत्यादींच्या औद्योगिक परिसरात झपाट्याने झाला. ह्यामागे कारखान्यांच्या कायद्याचा मोठा वाटा होता. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविणे बंधनकारक केले. त्यांच्यावाचून गिरण्या चालविणे अशक्य असल्यामुळे ही अर्धी सुट्टी व्यवहारात सर्वच कामगारांना मिळू लागली. पुढील काही दशकांत ती इतर उद्योगांतही रुळली. रविवारी खेळण्यास धार्मिक रूढीचा विरोध असल्याने शनिवारची दुपार ही खेळाची आणि खेळ पाहण्याची वेळ ठरली. ज्या ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारपेठेसाठी धोतरे विणली जात, त्याच गावी फुटबॉलचे सामने पाहण्यास हजारो लोक जमू लागले. त्याच काळात मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्यातून एक दिवसाचीही हक्काची सुट्टी नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १८९० मध्ये मिळाली. एकाच धंद्यातील दोन देशांच्या कामगारांच्या जीवनातील हे अंतर, लँकाशरमध्ये प्रेक्षकांच्या बळावर उभा राहणारा खेळ त्याच वेळी का फोफावला, हे समजण्यास पुरेसे आहे.

मैदानाभोवती कुंपण घालून प्रवेशशुल्क घेता येते, असे दिसून येताच संघांमध्ये चुरस निर्माण झाली. चांगल्या खेळाडूंना, विशेषतः स्कॉटलंडमधील कुशल खेळाडूंना, इंग्लंडमधील गावांत आणून त्यांना पैसे देण्याची प्रथा पडली. असोसिएशनच्या नियमांनुसार ती निषिद्ध असल्याने पैसे आडमार्गाने दिले जात. खेळाडूस गिरणीत नाममात्र नोकरी, एखादे छोटे दुकान वा मद्यालयाची व्यवस्था मिळवून देणे, हे त्याचे नेहमीचे प्रकार. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक ह्या कामगारांचा भरणा असलेल्या संघाने ओल्ड इटोनियन्स ह्या उच्चवर्गीय संघाचा अंतिम सामन्यात पराभव करून चषक उत्तरेत नेला, तेव्हा दक्षिणेतील मंडळींचा संशय व रोष दोन्ही वाढले.

ह्या वादाला तोंड फोडले ते प्रेस्टनने. प्रेस्टन नॉर्थ एंड हा मूळचा क्रिकेट संघ. फुटबॉल त्याने १८८० च्या सुमारास स्वीकारले आणि मार्च १८८१ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून ०–१६ असा पराभव पत्करला. संघाचा सूत्रधार विल्यम सडेल हा गावातील कापडगिरणीचा व्यवस्थापक होता. स्थानिक खेळाडूंवर विसंबून ब्लॅकबर्नची बरोबरी करता येणार नाही, हे ओळखून त्याने स्कॉटलंडमधून खेळाडू आणण्यास प्रारंभ केला. जानेवारी १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क संघाशी झालेला चषकाचा सामना बरोबरीत सुटला व प्रतिपक्षाने प्रेस्टनविरुद्ध व्यावसायिकतेची तक्रार केली. अशा प्रसंगी कानांवर हात ठेवण्याचा इतर संघांचा परिपाठ होता. सडेलने मात्र आपण खेळाडूंना आणतो व त्यांच्या चरितार्थाची सोय करतो, हे मान्य केले आणि सर्वच प्रमुख संघ असे करतात, असेही सांगितले. प्रेस्टनला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. पण त्याच वर्षी उत्तरेकडील तीसहून अधिक संघांनी वेगळी संघटना काढण्याची भाषा सुरू केली, तेव्हा असोसिएशनला माघार घ्यावी लागली. २० जुलै १८८५ रोजी व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली. ती सशर्त होती. व्यावसायिकाची प्रतिवर्षी नोंदणी व्हावी, चषकाच्या सामन्यांसाठी तो जन्माने वा दोन वर्षांच्या वास्तव्याने मैदानापासून सहा मैलांच्या परिसरातील असावा, असोसिएशनच्या समित्यांवर त्याने बसू नये, अशा त्या अटी होत्या. पैसे घेणाऱ्याला खेळू द्यावे, परंतु कारभारात त्याचा शब्द नसावा, ही भूमिका पुढे दीर्घकाळ टिकली.

मान्यतेने एक अडचण दूर झाली आणि दुसरी उभी राहिली. वेतन दर आठवड्याला द्यावे लागे, उत्पन्न मात्र अनिश्चित होते. चषकाची स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाला वर्षभर तिच्यातून काही मिळत नसे. उरलेले सामने मैत्रीपूर्ण असत व ते चिठ्ठ्यांच्या देवघेवीने ठरत. चषकाचा सामना वा फेरसामना आला, किंवा दुसरीकडे अधिक गर्दीची शक्यता दिसली, की ठरलेला सामना ऐन वेळी रद्द होई. पाहुणा संघ उशिरा येई, कधी निम्मे राखीव खेळाडू घेऊन येई. दुबळ्या संघांशी होणाऱ्या सामन्यांत चुरस राहत नसे. ऑक्टोबर १८८७ मध्ये प्रेस्टनने चषकाच्या सामन्यात हाइडचा २६–० असा पराभव केला. हा विक्रम आजही सांगितला जातो, परंतु असे सामने दर शनिवारी पैसे देऊन कोण पाहणार, हा प्रश्न संघचालकांपुढे होता.

त्याचे उत्तर बर्मिंगहॅममधील ॲस्टन व्हिला संघाच्या समितीचा सदस्य विल्यम मॅग्रेगर (१८४६–१९११) ह्याने सुचविले. मूळचा स्कॉटलंडमधील पर्थशरचा हा गृहस्थ बर्मिंगहॅममध्ये कापडाचे दुकान चालवीत असे. तो स्वतः खेळाडू म्हणून कधीच नावाजला नव्हता. त्याने २ मार्च १८८८ रोजी ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, प्रेस्टन नॉर्थ एंड व वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियन ह्या संघांना व स्वतःच्या संघालाही पत्र पाठविले. देशातील दहा-बारा प्रमुख संघांनी परस्परांशी दोन्ही मैदानांवर खेळण्याचे वेळापत्रक हंगामापूर्वीच निश्चित करावे व ते पाळावे, एवढाच त्यातील प्रस्ताव होता. अजिंक्यपद, गुण वा पारितोषिक ह्यांवर भर नव्हता. ही कल्पना अगदी नवी नव्हती. क्रिकेटमधील परगण्यांचे सामने ठरावीक क्रमाने होत असत. नवे होते ते वेळापत्रकाला कराराचे स्वरूप देणे.

चषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, २३ मार्च १८८८ रोजी, लंडनमधील अँडरटन हॉटेलात पहिली बैठक झाली. दक्षिणेतील संघांनी तिच्याकडे पाठ फिरविली. दुसऱ्या दिवशी प्रेस्टनला वेस्ट ब्रॉमिचकडून १–२ अशी हार पत्करावी लागली. कपडे मळण्यापूर्वीच चषकासह छायाचित्र काढून घेण्याची परवानगी प्रेस्टनच्या खेळाडूंनी मागितली होती व आधी तो जिंकून दाखवा, असे पंचाने सुनावले, अशी त्या सामन्याविषयी आख्यायिका आहे. १७ एप्रिल रोजी मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात भरलेल्या दुसऱ्या बैठकीत संघटनेची रीतसर स्थापना झाली. ‘लीग’ हे नाव सडेलने सुचविले. त्या काळात आयर्लंडमधील कुळांच्या लँड लीगमुळे ह्या शब्दाला राजकीय वास येत असल्याने मॅग्रेगरला ते फारसे रुचले नव्हते. मॅग्रेगर अध्यक्ष, सडेल कोषाध्यक्ष व स्टोकचा हॅरी लॉकेट सचिव झाला. प्रत्येक संघाने आपला सर्वोत्तम चमू उतरविलाच पाहिजे आणि ठरलेला सामना चषकाच्या अंतिम टप्प्यांतील अपवाद सोडल्यास टाळता येणार नाही, हे नियमांचे सार होते. प्रवेशाचे उत्पन्न यजमान संघाने ठेवावे व पाहुण्यांना ठरावीक रक्कम द्यावी, असेही ठरले.

बाराच संघ घेण्याचे कारण दिनदर्शिकेत होते. चषक व जुन्या कबुलातीचे सामने वगळल्यास बावीसच तारखा मोकळ्या राहत. लँकाशरमधून ॲक्रिंग्टन, एव्हर्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बर्न्ली, बोल्टन वाँडरर्स व प्रेस्टन नॉर्थ एंड हे सहा. मध्य इंग्लंडमधून ॲस्टन व्हिला, डर्बी काउंटी, नॉट्स काउंटी, वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियन, वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स व स्टोक हे सहा. लंडनचा एकही संघ त्यांत नव्हता. दक्षिणेतील पहिला संघ म्हणून आर्सेनलला लीगमध्ये प्रवेश मिळाला तो १८९३ मध्ये. निवडीत खेळाची गुणवत्ता हा एकच निकष नव्हता. नॉटिंगहॅम फॉरेस्टसारखे भक्कम संघ बाहेर राहिले आणि मैदानाची सोय, प्रेक्षकसंख्या व रेल्वेने जाण्यायेण्याची सुलभता ह्यांचा विचार झाला. बाहेर राहिलेल्या वीस संघांनी त्याच वर्षी कॉम्बिनेशन नावाची स्पर्धा सुरू केली. तिला मध्यवर्ती व्यवस्थापन नव्हते आणि सामने ठरविणे संघांवरच सोपविले होते. हंगाम संपण्यापूर्वीच, एप्रिल १८८९ मध्ये, ती गुंडाळावी लागली. लीगला यश का आले, ह्याचे इतके स्पष्ट प्रमाण क्वचितच मिळते.

पहिल्या हंगामातील खेळ आजच्या प्रेक्षकाला बराचसा अनोळखी वाटला असता. पेनल्टी किक अस्तित्वात नव्हती; ती १८९१ मध्ये आली. गोलाला जाळी नसल्याने चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, ह्यावर वाद होत. मैदानात प्रत्येक संघाचा एकेक पंच असे. त्यांचे मतैक्य न झाल्यास बाहेर असलेला मुख्य पंच निर्णय देई. गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या भागात कोठेही चेंडू हाताळता येई, मात्र चेंडू नसतानाही त्याला धक्का देऊन पाडणे नियमबाह्य मानले जात नसे. बदली खेळाडूची सोय नसल्याने एखादा जखमी झाल्यास संघ दहा जणांनिशी खेळे. खेळाडूंची मांडणी सामान्यतः दोन बचावपटू, तीन मध्यफळीचे खेळाडू व पाच आघाडीवीर अशी असे.

८ सप्टेंबर १८८८ रोजी पाच सामने झाले. प्रेस्टनने बर्न्लीचा ५–२, डर्बीने बोल्टनचा ६–३, एव्हर्टनने ॲक्रिंग्टनचा २–१ व वेस्ट ब्रॉमिचने स्टोकचा २–० असा पराभव केला. वुल्व्हरहॅम्प्टन व ॲस्टन व्हिला यांचा सामना १–१ असा बरोबरीत सुटला. सर्व सामने एकाच वेळी सुरू झाले नाहीत. त्यामुळे लीगमधील पहिला गोल कोणाचा, ह्याविषयी मतभेद होते. व्हिलाचा बचावपटू गर्शम कॉक्स ह्याने चुकून स्वतःवरच केलेला गोल दीर्घकाळ पहिला मानला जाई. नंतर समकालीन वृत्तपत्रांतील सामन्यांच्या वेळा ताडून पाहिल्यावर हा मान बोल्टनच्या केनी डेव्हनपोर्टला देण्यात येऊ लागला. दुसऱ्याच शनिवारी बर्न्लीच्या टेटने बोल्टनविरुद्ध तीन गोल करून लीगमधील पहिली हॅटट्रिक नोंदविली.

स्पर्धा सुरू झाली तरी विजेता कसा ठरवावयाचा हे निश्चित नव्हते, ही आज नवलाची वाटणारी गोष्ट आहे. केवळ विजय मोजावेत, असा एक पक्ष होता. विजयास दोन व बरोबरीस एक गुण ही पद्धत नोव्हेंबर १८८८ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्धा हंगाम उलटल्यावर, मतदानाने स्वीकारण्यात आली. तोवर वृत्तपत्रे आपापल्या रीतीने तक्ते छापत होती. दर सोमवारी पाहावयाचा तक्ता ही वाचकांची सवय मात्र ह्याच हंगामात लागली. एका सामन्याचा निकाल दुसऱ्या गावातील संघाच्या स्थानावर परिणाम करतो, ही जाणीव बाद पद्धतीत निर्माण होणे शक्य नव्हते. ह्यामुळे मध्यम दर्जाच्या संघाच्या साध्या सामन्यालाही अर्थ प्राप्त झाला आणि त्याच्या मैदानावर शनिवारी प्रेक्षक येत राहिले. मॅग्रेगरच्या पत्रात नसलेली, पण त्याच्या योजनेला तारणारी गोष्ट हीच होय.

प्रेस्टनच्या आघाडीविषयी फार काळ शंका उरली नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने स्टोकला ७–० असे हरविले. त्या दिवशी स्टोकचा चमू अपुरा आल्यामुळे प्रेस्टनच्याच दोघा राखीव खेळाडूंना स्टोककडून खेळविण्यात आले. नव्या शिस्तीचे नियम कागदावर असले, तरी जुन्या सवयी कशा चालू होत्या, हे त्यावरून दिसते. ह्या सामन्यात जिमी रॉसने चार गोल केले. जानेवारी १८८९ च्या प्रारंभीच प्रेस्टनचे अजिंक्यपद निश्चित झाले. बावीस सामन्यांपैकी अठरा त्याने जिंकले व चार बरोबरीत सोडविले. ७४ गोल केले, तर १५ स्वीकारले. त्याचे गुण ४० झाले. दुसऱ्या क्रमांकावरील ॲस्टन व्हिलाला २९, तिसऱ्या वुल्व्हरहॅम्प्टनला २८ व चौथ्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला २६ गुण मिळाले. ब्लॅकबर्नने ६६ गोल करूनही ४५ स्वीकारले, ह्यावरून प्रेस्टनच्या बचावाचे मोल ध्यानात येते. संपूर्ण स्पर्धेत सामन्यागणिक सरासरी चाराहून अधिक गोल झाले.

ह्या संघाची घडण विचारात घेण्यासारखी आहे. गोलरक्षक जिमी ट्रेनर हा वेल्समधला. बचावातील रॉबर्ट हॉवर्थ व बॉब होम्स आणि आघाडीचा फ्रेड ड्यूहर्स्ट हे स्थानिक होते. त्यांपैकी ड्यूहर्स्ट हा व्यवसायाने शिक्षक व हौशी खेळाडू होता. जॉर्ज ड्रमंड, डेव्हिड रसेल, जॉनी ग्रॅहॅम, जॅक गॉर्डन, जिमी रॉस व सॅमी टॉमसन हे स्कॉटलंडहून आलेले. सर्वाधिक, म्हणजे सु. २० गोल करणारा जॉन गुडॉल (१८६३–१९४२) हा लंडनमध्ये स्कॉटिश आईवडिलांच्या पोटी जन्मला व स्कॉटलंडमध्ये वाढला. तो इंग्लंडकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळला. जिमी रॉसचा वडील भाऊ निक रॉस हा प्रेस्टनचा आधारस्तंभ मानला जाई, पण नेमक्या ह्याच हंगामात तो एव्हर्टनकडे गेला होता. तो पुढच्या वर्षी परतला. इंग्लंडमधील हौशी संघांत एकट्याने चेंडू पायाशी घेऊन प्रतिस्पर्ध्यांना चकवीत धावण्याला प्रतिष्ठा होती. ह्याउलट ग्लासगोच्या क्वीन्स पार्क संघापासून स्कॉटलंडमध्ये चेंडू परस्परांकडे सोपवीत पुढे सरकण्याची शैली विकसित झाली होती. प्रेस्टनने तिला रोजच्या सरावाची जोड दिली. असा सराव नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांना शक्य नव्हता. सांघिक खेळ हा वेतनाचा परिणाम होता, असे विधान थोडे धाडसी वाटेल, परंतु प्रेस्टनच्या बाबतीत ते खोटे ठरणार नाही.

चषकाच्या स्पर्धेत प्रेस्टनने बूटल, ग्रिम्झबी, बर्मिंगहॅम सेंट जॉर्जेस व उपांत्य सामन्यात वेस्ट ब्रॉमिच यांना हरविले. ३० मार्च १८८९ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर सु. २२,००० प्रेक्षकांसमोर त्याने वुल्व्हरहॅम्प्टनवर ३–० असा विजय मिळविला. ड्यूहर्स्ट, रॉस व टॉमसन यांनी गोल केले. ह्या सामन्यात गोलरक्षणाचे काम रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्‌स ह्या वेल्सच्या हौशी खेळाडूने केले. पाच सामन्यांत प्रेस्टनवर एकही गोल झाला नाही. लीग व चषक एकाच हंगामात जिंकण्याचा हा पराक्रम १८९६–९७ मध्ये ॲस्टन व्हिलाने व त्यानंतर थेट १९६०–६१ मध्ये टॉटनमने केला. लीगचा संपूर्ण हंगाम अपराजित राहण्याची पुनरावृत्ती होण्यास तर ११५ वर्षे लागली. २००३–०४ मध्ये आर्सेनलने ३८ सामन्यांत २६ विजय व १२ बरोबरी अशी कामगिरी केली, पण त्या वर्षी चषक त्याच्या हाती लागला नाही. दोन्ही संघांची तुलना मोहाची असली, तरी फारशी फलदायी नाही. प्रेस्टनचे बावीस सामने ज्या काळात झाले, त्या काळात प्रतिस्पर्ध्यांपैकी अनेकांना पूर्ण संघ उभा करणेही जड जात होते.

तक्त्याच्या तळाशी बर्न्ली (१७ गुण), डर्बी (१६), नॉट्स काउंटी व स्टोक (प्रत्येकी १२) हे संघ राहिले. नियमानुसार अखेरच्या चार संघांना पुढील वर्षाच्या प्रवेशासाठी पुन्हा निवडून यावे लागे व मतदार होते ते त्यांचेच सहकारी संघ. बाहेरच्या अनेक संघांनी अर्ज करूनही चौघेही पुन्हा निवडले गेले. गुणवत्तेवर आधारलेल्या स्पर्धेच्या दाराशी अशी मतपेटी ठेवणे, हा लीगच्या रचनेतील मूळचा दोष होय. १८९० मध्ये स्टोकच्या जागी संडरलंड आला आणि १८९२ मध्ये दुसरा विभाग सुरू झाला, तरी त्याच्या तळाशी ही निवडपद्धत १९८६ पर्यंत टिकून होती.

खेळाडूंच्या दृष्टीने लीगची देणगी दुधारी ठरली. वेळापत्रकामुळे त्यांचे वेतन निश्चित झाले, हे खरे. गिरणी वा खाण सोडून कसबावर जगण्याचा मार्ग शेकडो तरुणांना मोकळा झाला. परंतु जे संघ वेळापत्रकासाठी एकत्र आले, तेच लवकरच वेतनासाठी एकत्र आले. १८९३ पासून, एका संघाकडे नोंदलेल्या खेळाडूस त्या संघाच्या संमतीवाचून लीगमधील दुसऱ्या संघाकडे जाता येईनासे झाले. त्याचा करार संपला, तरीही ही मनाई कायम राहत असे. १९०१ मध्ये आठवड्याला चार पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा घालण्यात आली. कमाल वेतनाची अट १९६१ मध्ये संपाच्या धमकीनंतर उठली. करार संपलेल्या खेळाडूस अडवून धरण्याची पद्धत १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टमच्या खटल्यात न्यायालयाने अन्याय्य ठरविली. १८८४ मध्ये पैसे देण्याचा हक्क मिळविण्यासाठी भांडणारे संघचालक आणि १९०१ मध्ये किती पैसे द्यावेत ह्यावर बंधन घालणारे संघचालक हे एकाच परंपरेतील होते. पहिल्या भांडणात खेळाडूंचे हित हे निमित्त होते, हे त्यावरून उघड होते.

योगायोगाची गोष्ट अशी, की ज्या वर्षी लीग सुरू झाली त्याच १८८८ मध्ये सिमला येथे ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषकाचे सामने होऊ लागले. ह्या दोन्ही स्पर्धा प्रारंभी ब्रिटिश लष्करी पलटणींच्या व बाद पद्धतीच्या होत्या. इंग्रजांनी हिंदुस्थानात खेळ आणला, परंतु त्याचा आर्थिक पाया असलेली राष्ट्रीय साखळी आणली नाही. भारतातील खेळाडू दीर्घकाळ रेल्वे, पोलीस, बँका व कारखाने यांच्या नोकऱ्यांवर अवलंबून राहिले. अप्टन पार्कच्या तक्रारीपूर्वी लँकाशरमध्ये होती, तशीच ही व्यवस्था होती. भारतात राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा १९९६–९७ मध्ये सुरू झाली. तिच्यात फगवाड्याचा जेसीटी संघ पहिला व गोव्याचा चर्चिल ब्रदर्स दुसरा आला.

पहिल्या हंगामातील बारा संघांपैकी ॲक्रिंग्टन १८९३ मध्ये लीगमधून बाहेर पडला व पुढे तीन वर्षांत संपुष्टात आला. आजचा ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा निराळा संघ होय. प्रेस्टनने १८८९–९० मध्येही अजिंक्यपद राखले व पुढील तीन हंगामांत त्याला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्यानंतर लीगचे अजिंक्यपद त्याच्याकडे पुन्हा कधीच आले नाही. मोठ्या शहरांतील संघांच्या मैदानांवर जमणारी गर्दी प्रेस्टनसारख्या मध्यम गावाला जमविता येत नव्हती. मागणी वाढताच चांगले खेळाडू दुसरीकडे जाऊ लागले. गुडॉल तर १८८९ मध्येच डर्बीला गेला. सडेलवर गिरणीच्या पैशांच्या अपहाराचा आरोप सिद्ध होऊन १८९५ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. ह्यांतील बराच पैसा संघाच्या खर्चात गेला होता, असे मानले जाते. सुटकेनंतर तो दक्षिण आफ्रिकेत गेला व १९११ मध्ये केपटाउन येथे मरण पावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मॅग्रेगरही बर्मिंगहॅममध्ये निवर्तला.